वरून आले ते पाथरवट

मा. पर्यटन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.

गेल्या हिवाळ्यात आईला घेऊन वेरूळला गेलो होतो. कैलास लेण्याच्या अंगणात, सोंड तुटलेल्या हत्तीपाशी एक गाइड सहलीच्या पोरांना सांगत होता, "हे माणसाचं काम नव्हे. वरून कुणीतरी आलं होतं." पोरांनी लगेच मोबाइल आभाळाकडे वळवले. आई म्हणाली, "मग पाथरवटांनी काय केलं?"

साहेब, वरून आले होते हे खरंच आहे. पाथरवट आले होते. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळात, डोंगरमाथ्यावरून तीन बाजूंनी चर खोदत, मधला कातळ सुटा ठेवत ते खाली उतरले. आधी शिखर, शेवटी जोतं. त्यामुळे उंच परांची बांधायची फारशी गरजच पडली नाही. पायाखाली कातळ होताच. अंगण सुमारे २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद, मागचा कडा १०० फुटांहून उंच. त्या कड्यावर तिरप्या उन्हात छिन्नीचे घाव अजून दिसतात. आईने त्यावरून बोट फिरवून पाहिलं.

नवल वाटण्यात काही गैर नाही. शके ७३४ च्या बडोद्याच्या ताम्रपटात म्हटलंय की हे मंदिर पाहून देव थक्क झालेच, पण घडवणाऱ्यालाही प्रश्न पडला: हे मी केलं तरी कसं? आपल्याकडच्या लोककथेतही राणीचा शिखर पाहिल्याशिवाय न जेवण्याचा नवस आहे, आणि तो पुरा करणारा पैठणचा कोकस हा कारागीरच आहे. परग्रहवासी हल्लीचे.

लेणी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत, ठाऊक आहे. पण गाइडांचं प्रशिक्षण तुम्हाला नक्की हाती घेता येईल. त्यात ३० क्रमांकाचं लेणं सक्तीचं करा. छोटा कैलास म्हणतात त्याला. जैन लेणं, कैलासाचीच लहान प्रत आणि अर्धवट राहिलेली. काम कसं चालायचं हे समजायला अर्धवट लेण्याइतकं चांगलं काही नाही. बहुतेक सहली तिकडे फिरकतच नाहीत, थोडं लांब पडतं म्हणून.

मंगळवारी लेणी बंद असतात. पुरातत्त्व खात्याशी बोलून प्रशिक्षण त्याच दिवशी ठेवलं, तर गाइडांचा रोजही बुडणार नाही.

कळावे,
आईसोबत पुन्हा येणारा एक पर्यटक