गड दत्तक घेतला म्हणजे नेमकं काय केलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली गड दत्तक घेतल्याची बातमी वाचली आणि राग काही जाईना म्हणून लिहितोय. फोटो छान आलाय, सगळ्यांचे टीशर्ट एका रंगाचे, पुढे बॅनर, मागे बुरूज. पण पावसाळ्यानंतर ही मंडळी परत येणार का, वाट कोण दुरुस्त करणार, गडावरच्या पाण्याच्या टाक्यातला गाळ कोण काढणार, याबद्दल एक ओळ नाही.

आम्ही काही मित्र एका गडावर वर्षानुवर्षं जातो. नाव देत नाही, पायथ्याच्या गावातल्या मामांना उगाच कुणी जाब विचारायला नको. काम म्हणाल तर पठारापासून पहिल्या दरवाज्यापर्यंतची वाट आणि वरचं देऊळ, जिथे ट्रेकर मुक्कामाला असतात. दिवाळीनंतर वाटेवर आलेली कारवीची झुडपं छाटायची, ढोरवाटा म्हणजे गुरांच्या वाटा फुटतात तिथे काट्या टाकायच्या नाहीतर नवीन माणूस हमखास चुकतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उतारावर थोड्या थोड्या अंतराने तिरके दगड गाडून पाणी वाटेबाहेर काढायचं. पाणी एकदा वाटेनेच धावायला लागलं की माती जाते, नुसता घसारा उरतो, मग लोक बाजूने शॉर्टकट काढतात आणि दोन पावसाळ्यात एका वाटेच्या चार वाटा होतात. दगड कसे बसवायचे हे आम्हाला मामांनी शिकवलं, ज्याने आयुष्यभर शेताचे बांध घातलेत त्याला पाणी कुठून वळेल ते बरोबर कळतं.

मागच्या उन्हाळ्यात तिथे एका कंपनीची स्वच्छता मोहीम आली, बस भरभरून माणसं. कचरा उचलला, ते चांगलंच केलं, त्याला मी नावं ठेवत नाही. पण जेवणाच्या चुली मांडायला त्यांनी वाटेतले आमचे दगड उपटले, देवळात मुक्कामाला येणाऱ्यांसाठी ठेवलेलं सरपण संपवलं, आणि जाताना कातळावर ऑइलपेंटने बाण काढला तो थेट ढोरवाटेकडे! भर पावसाळ्यात मामांचा फोन आला की वळणावरची वाट खाली गेली. तिथेच एका कॉलेजच्या मुलीचा पाय मोडला, गावातल्या पोरांनी झोळी करून भर पावसात तिला खाली आणलं. त्या पोरांचा फोटो कुठल्याच पेपरात आला नाही, मोहिमेचा मात्र आला होता.

आम्ही अर्ज केला, की हा एवढा टप्पा आणि देऊळ गावातल्या पोरांच्या आणि आमच्या नावावर लेखी करून द्या, पैसे नकोत. या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय अजून. बहुतेक ठिकाणी गड पुरातत्त्वकडे, डोंगर वनखात्याकडे आणि पायथा ग्रामपंचायतीकडे, त्यामुळे मधली वाट कुणाचीच नाही. परवानगी नको असं माझं अजिबात म्हणणं नाही. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी शिलालेख आहे, अशा जागी कुणीही पहार घेऊन घुसू नयेच. पण कारवी छाटायला आणि पाणी वळवायला नियम सोपा करता येतो की नाही?

अमेरिकेतली अ‍ॅपलाचियन ट्रेल ही डोंगरातली पायवाट जवळपास ३,५०० किलोमीटरची आहे, १९३७ साली पूर्ण झाली, आणि आजही तिची बरीचशी निगा तीसेक क्लबांचे स्वयंसेवक राखतात. क्लबकडे मोठा पट्टा, त्यातला छोटा टप्पा एखाद्या माणसाकडे, मुक्कामाच्या लाकडी शेल्टरलाही कुणीतरी वाली असतो. झाड आडवं पडलं तर कुणाला कळवायचं ते ठरलेलं असतं. आपल्याकडे राजगडाच्या पद्मावती मंदिरात, हरिश्चंद्रगडाच्या गुहांमध्ये इतकी वर्षं लोक मुक्काम करत आलेत, तिथे सकाळी झाडू कोण मारतं हे तुमच्या वार्ताहराने एकदा जाऊन बघावं. जुलै २०२५ मध्ये १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, आनंदच झाला, त्यातले ११ आपले. पण बाकीच्या शेकडो गडांच्या वाटा त्याच पावसात धुऊन जातायत.

आणि पत्र लिहितोच आहे तर अजून एक. तुमच्या पुरवणीत दर पावसाळ्यात ‘गर्दीपासून दूर’ म्हणून ठिकाणं छापता, कसं जायचं, कुठे गाडी लावायची सगळं. पुढच्या शनिवार-रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. छापू नका म्हणत नाही, पण वाट किती अरुंद आहे, टाक्यात उतरू नका, पिण्याचं पाणी तेच आहे, एवढं तरी लिहा. मागे याच विषयावर पत्र पाठवलं होतं, त्यातलं नेमकं हेच कापलंत. या वेळी कृपया कापू नये.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली