केळी पुढच्या वर्षीची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकन नर्तकी जोसेफिन बेकरवरचा लेख वाचला. लेख रंगला आहे, पण लेखकाने तिला 'रेव्ह्यू नेग्र' या नाच-गाण्यांच्या कार्यक्रमातच केळ्यांचा घागरा घालून नाचवलं आहे. हा कार्यक्रम पॅरिसच्या शाँझेलिझे थिएटरात २ ऑक्टोबर १९२५ रोजी सुरू झाला. केळी आली १९२६ मध्ये, तीही 'फोली बेर्जेर' या दुसऱ्याच थिएटरात. आदल्या वर्षी 'रेव्ह्यू नेग्र'मध्ये, नर्तक जो ॲलेक्सबरोबरच्या नाचात, तिच्या अंगावर होती ती पिसं. लेखासोबतचं छायाचित्रही फोली बेर्जेरचंच आहे.

वर्षाची चूक म्हणून सोडून दिलं असतं. पण ती केळी इतकी डोळ्यांत भरतात की बाकीचा संच दिसेनासाच होतो. या कार्यक्रमासाठी कॅरोलिन डडली यांनी न्यूयॉर्कमध्ये वीसेक कृष्णवर्णीय कलाकार जमवले आणि बोटीने फ्रान्सला नेले. त्यात मुख्य गायिकेचा मान मॉड डी फॉरेस्टचा. एकोणीस वर्षांची बेकर तेव्हा कोणी तारका नव्हती. वाद्यवृंद क्लॉड हॉपकिन्सचा आणि क्लॅरिनेटवर कोण, तर सिडनी बेशे! ज्याच्याशिवाय जॅझचा इतिहास लिहिता येत नाही, त्याचा लेखात उल्लेखही नाही. पेटी-तबल्याच्या साथीची चर्चा मध्यंतरात चहा घेताना करणाऱ्या आपल्या रसिकांना तरी हे खटकायला हवं.

लेखकाने त्या नाचातल्या 'आदिम आफ्रिके'चं भरभरून कौतुक केलं आहे. आफ्रिका होती कुठे त्यात? बेकर अमेरिकेतल्या सेंट लुइसची, संच न्यूयॉर्कमधला. ही मंडळी पॅरिसला पोचली ती टॅप आणि चार्ल्सटन हे अमेरिकन नाच घेऊन. थिएटरवाल्यांना ते पुरेसं 'आफ्रिकी' वाटेना, म्हणून म्युझिक हॉलमधले मुरलेले जाक शार्ल यांना बोलावलं गेलं आणि तालमीतच कार्यक्रमाची मांडणी बदलली. तो 'रानटी नाच' बेतला गेला पॅरिसमध्ये, पॅरिसच्या गिऱ्हाइकासाठी. बेकरचं कर्तृत्व याने कमी होत नाही. उलट डोळे तिरळे करून, गाल फुगवून तिने या सोंगाची टवाळी त्याच रंगमंचावर केली, असं मला तरी वाटतं.

पुढे संच बर्लिनला गेला. तिथून बेकर फोली बेर्जेरसाठी पॅरिसला परतली आणि 'रेव्ह्यू नेग्र' विस्कटला. म्हणजे केळ्यांनी हा कार्यक्रम गाजवला नाही, मोडला!

कृपया दुरुस्ती छापावी. आणि चित्र द्यायचंच असेल तर चित्रकार पॉल कोलँ यांनी याच कार्यक्रमासाठी केलेलं पोस्टर द्यावं. त्यात ती एकटी नाही.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली