लुट्झबाईंचं काय झालं?

रविवार, दुपार

प्रिय सुलू,

सप्रेम सलाम. ‘सध्या काय वाचतेस?’ हा तुझा प्रश्न फोनवर मी तीनदा टाळला, कारण उत्तर ऐकून तू खो-खो हसली असतीस. प्रेमकथा वाचतेय. त्याही शंभर वर्षांपूर्वीच्या, त्याही अमेरिकन, आणि त्याही अशा की नायकाने गुडघे टेकले तर ते नायिकेपुढे की देवापुढे, हे पुढच्या दोन ओळी वाचल्याशिवाय कळत नाही. हसून झालं असेल तर पुढे वाच.

आईचं घर रिकामं करताना आजीची ट्रंक निघाली. आजी मिशनच्या शाळेत शिकवायची हे तुला ठाऊक आहे. तिथल्या मड्डम मायदेशी परतताना तिला पुस्तकं देऊन गेल्या होत्या. बहुतेक वाळवीने फस्त केली, दोन कादंबऱ्या तेवढ्या वाचल्या. मग त्या मीही वाचल्या. दोन्हींची लेखिका एकच, पण नाव एक नाही. १९०८ सालच्या ‘मार्सिया श्युलर’वर लिहिलंय ग्रेस लिव्हिंग्स्टन हिल लुट्झ. १९३३ सालच्या ‘मॅच्ड पर्ल्स’वर नुसतं ग्रेस लिव्हिंग्स्टन हिल. मधल्या पंचवीस वर्षांत लुट्झ कुठेतरी गळाला. एखाद्या बाईच्या नावातून आडनाव गळलं की आपल्या दोघींना चैन पडत नाही, त्यामुळे पुढचा महिनाभर मी काय केलं असेल ते तू ओळखलंच असशील.

ही बाई जन्मली न्यूयॉर्क राज्यातल्या वेल्सव्हिल गावी, १६ एप्रिल १८६५ला. लिंकन आदल्याच दिवशी गेले होते. वडील प्रेस्बिटेरियन पंथाचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आई लिहिणारी, आणि मावशी तर काय विचारतेस! इझाबेला आल्डन नावाच्या या मावशीने ‘पॅन्सी’ या टोपणनावाने मुलांसाठी आणि रविवारच्या शाळांसाठी (चर्चमध्ये दर रविवारी मुलांना बायबल शिकवतात ना, त्या) शंभरावर पुस्तकं लिहिली. ग्रेस लहान असताना तिने रचून सांगितलेली गोष्ट मावशीने उतरवून घेतली आणि तिच्या बाराव्या वाढदिवसाला चक्क छापून, बांधून हातात ठेवली. पुढच्या एका वाढदिवसाला मावशीची भेट होती टंकलेखनाचे हजार कोरे कागद. सोबत चिठ्ठी, की या हजार कागदांचे तेवढेच डॉलर कर. मला ही मावशी फार आवडली. ‘छान लिहितेस हो’ म्हणून गालगुच्चा घेणाऱ्या मावश्या ढिगाने असतात. कागद देऊन वर भाव सांगणारी विरळा.

आणि पोरीने ते मनावर घेतलं. पाळकाचं घर म्हणजे मान मोठा आणि पाकीट बारीक. (मी पाळकाची नात आहे, मला कुणी सांगायला नको.) कुटुंब तेव्हा फ्लोरिडात विंटर पार्कला राहत होतं. न्यूयॉर्क राज्यात शटाक्वा सरोवराकाठी १८७४ पासून उन्हाळ्यात मोठा मेळावा भरायचा. सुरुवात रविवारच्या शाळांच्या शिक्षकांसाठी झाली आणि मग व्याख्यानं, संगीत, सगळंच आलं. त्या वर्षी तिथे जायला घरात पैसे नव्हते. ग्रेसने पुस्तक लिहिलं. फुलं, पाखरं आणि ओढे मिळून स्वतःचं शटाक्वा भरवतात, अशी गंमत. ते १८८७ला छापलं गेलं आणि घरच्यांचा प्रवास सुटला. म्हणजे पहिलं पुस्तक तिकिटासाठी! साहित्यसेवा वगैरे शब्द या बाईच्या आसपास फिरकलेले दिसत नाहीत.

१८९२ला फ्रँक हिल या पाळकाशी लग्न झालं. दोन मुली, मार्गारेट आणि रूथ. १८९९ला फ्रँकचं आंत्रपुच्छाचं दुखणं निघालं, शस्त्रक्रिया झाली आणि तो गेला. थोड्याच काळात वडीलही गेले. बायकांच्या त्या घरात कमावणारी आता ती एकटी. पेनसिल्व्हेनियात स्वार्थमोर नावाच्या गावी बिऱ्हाड हलवलं (नावात स्वार्थ असला तरी गाव सज्जनांचं असावं) आणि तिथे टेबलाशी बसून ती लिहीत सुटली.

आता लुट्झ. १९०४ला तिने दुसरं लग्न केलं. नवरा फ्लेव्हियस जोसिफस लुट्झ, चर्चमधला ऑर्गनवादक, वयाने तिच्याहून बराच लहान. संसार जेमतेम दहा वर्षं चालला. मग दोघं वेगळी झाली. घटस्फोट तिने घेतला नाही, तिच्या श्रद्धेत तो बसत नव्हता. पुढची तीसेक वर्षं ती ना धड सवाष्ण ना धड विधवा अशी जगली. पुस्तकांवरून लुट्झ गेला, हिल राहिलं. झालं, एवढीच गोष्ट. पण सुलू, ही गोष्ट तिने एकाही कादंबरीत लिहिलेली मला दिसली नाही, आणि लिहिल्या शंभरावर. प्रत्येकीत शेवटी भला माणूस दारात येतो आणि राहतो.

‘मार्सिया श्युलर’ तर तू वाचच, कारण ती आपल्या आज्यांची गोष्ट आहे. काळ रेल्वे नुकती येऊ घातली होती तेव्हाचा. थोरली बहीण केट लग्नाच्या आदल्या रात्री एका कॅप्टनबरोबर पळून जाते. घरात पाहुणे, लग्नाची सगळी तयारी, नवरदेव डेव्हिड सुन्न. मग सतरा वर्षांची धाकटी मार्सिया तिच्या जागी उभी राहते. पहिल्या पानावर ही मुलगी चॉकलेटी रंगाच्या, लाल-पांढऱ्या बुट्ट्यांच्या साध्या चिटाच्या झग्यात स्वयंपाकघरातून बाहेर येते, आणि थोड्याच प्रकरणांनंतर बहिणीसाठी शिवलेले रुखवताचे भारी कपडे अंगावर चढवून परक्या गावी नांदायला जाते. नवऱ्याचं मन थोरलीत अडकलेलं, आणि ही रोज सकाळी उठून थोरलीचेच कपडे घालणार! लग्न आधी, प्रेम नंतर. हे लिहायला बाईला परंपरा, संस्कृती असले शब्द लागले नाहीत, एक कपड्यांची पेटी पुरली. आजीने या भागात समासात पेन्सिलीने बारीक रेघ ओढलीय. बायबलच्या वचनांवर नाही, प्रेमाच्या कबुलीवर तर नाहीच. त्या कपड्यांवर. आजीच्या लग्नाचं मी कधी काही विचारलं नाही, आणि आता विचारायला कुणी उरलं नाही.

तू म्हणशील, मग यात ख्रिस्ती ते काय? सांगते. साध्या प्रेमकथेत आडवं काय येतं? बाप, पैसा, गैरसमज, दुसरी बाई. इथे यातलं सगळं आडवं येतंच, पण खरी गाठ वेगळी असते. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथ गावच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलंय की विश्वास न ठेवणाऱ्यांबरोबर विजोड होऊन जोडले जाऊ नका. बैलजोडीचाच दाखला तो, एक बैल इकडे ओढतो, दुसरा तिकडे. म्हणून नायक कितीही देखणा, श्रीमंत, दिलदार असू दे, त्याचं देवाशी जमल्याशिवाय नायिका ‘हो’ म्हणू शकत नाही. प्रेमाचा त्रिकोण असतोच, पण तिसरा कोन वर आभाळात. ही युक्ती मला कथेच्या बांधणीच्या दृष्टीने खरंच भक्कम वाटते. ती फसते ती वेळापत्रकात. नायकाचा हृदयपालट नेमका शेवटून दुसऱ्या प्रकरणात होतो, एक आठवडा अलीकडे नाही की पलीकडे नाही. मी जन्मभर उपासनेला जाणारी बाई, माझाही तिथे विश्वास डळमळतो. आणि खलनायिका ओळखायची असेल तर ओठ बघायचे. रंगवलेले असले की संपलं.

आणखी एक खटकलं. तिच्या गरीब नायिका गरीब असतात, पण घराण्याच्या असतात. ‘द एन्चँटेड बार्न’ (१९१८) मी नंतर मिळवून वाचली. त्यात शर्ली ही लघुलेखन करणारी मुलगी. आई आजारी, धाकटी भावंडं पदरात, आणि भाड्याचं घर सोडायची वेळ आलेली. शहराबाहेर तिला एक दगडी कोठार दिसतं, जनावरांचं आणि गवताचं. ती सरळ मालकाकडे जाऊन ते राहायला भाड्याने मागते! मालकाचा मुलगा प्रेमात पडणार हे तिसऱ्या पानावर कळतं, ते सोड. पण कोठाराचं घर होताना वाचण्यात जी मजा आहे ती अख्ख्या प्रेमप्रकरणात नाही. चूल कुठे, पडदा कशाचा, गवताच्या माळ्यावर निजायचं कुणी. तीन-चार माणसं पोसायचा हिशेब जिने रोज घातला, तीच हे लिहू शकते. पुढे शर्लीच्या लघुलेखनाच्या टिपणांसाठी तिला पळवून नेतात वगैरे भानगड आहे, ती मी भराभर उलटली. मला पडदे हवे होते. पण ही शर्ली कितीही हलाखीत असली तरी तिचं वागणं-बोलणं ‘चांगल्या घरच्या’ मुलीचं, आणि लेखिकेला ते पुन्हापुन्हा सांगावंसं वाटतं. स्वतः बाई मात्र दगडांच्या खाणीत राबणाऱ्या इटालियन मजुरांच्या मुलांसाठी जवळच्या एका जुन्या चर्चमध्ये वर्षानुवर्षं रविवारची शाळा चालवत होती. त्या पोरींपैकी एखादी नायिका झाली असती तर? ते तिला सुचलं नसावं, किंवा खपलं नसतं.

खपण्यावरून आठवलं, आणि खरं तर त्यासाठीच हे पत्र एवढं लांबलंय. सुरुवातीच्या काळात प्रकाशक तिच्या कादंबऱ्यांतला उघड धार्मिक मजकूर बरेचदा काढून टाकायचे. पुस्तकं हातोहात जायला लागली तेव्हा तो राहू द्यायला लागले. हे वाचलं आणि पुस्तक मिटून मी उठलेच. तुला माझी ती ‘उंबरा’ कथा आठवते? दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन केला होता, की बाकी सगळं उत्तम, तेवढा प्रार्थनेचा परिच्छेद काढा, वाचक बिचकतील. मी काढला. कथा छापून आली, तू कौतुकाचं कार्ड पाठवलंस, आणि मी ती आजवर पुन्हा वाचलेली नाही. त्या परिच्छेदात ती म्हातारी देवाशी भांडते ना, तेच तर त्या कथेत होतं! ग्रेसबाईला दोन मुली पोसायच्या होत्या, पैसे हवे होते, आणि तरी पुढच्या पुस्तकात ती देवाला पुन्हा घेऊन आली. मला पगार होता. मानधन आलं त्याची छत्री घेतली होती मी.

तिच्यानंतर हा प्रकार केवढा फोफावला ते सांगत बसत नाही. दोनच नावं सांगते. कॅनडातल्या आल्बर्टाची जॅनेट ओक, तिची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ १९७९ची. पश्चिमेकडे गाड्यांतून निघालेल्या जोडप्यातला नवरा वाटेत मरतो आणि त्याला पुरल्यावर लगेच एक विधुर त्या बाईला म्हणतो, माझ्या मुलीला आई हवी, लग्न करशील? पुन्हा लग्न आधीच! दुसरी फ्रान्सिन रिव्हर्स. ही आधी साध्या, तापट प्रेमकथा लिहायची. मग श्रद्धा जागी झाली आणि तिने बायबलमधल्या होशेय संदेष्ट्याची गोष्ट कॅलिफोर्नियात सोनं शोधायला झुंबड उडाली होती त्या काळात नेऊन ठेवली. ‘रिडीमिंग लव्ह’ १९९१ला साध्या प्रकाशकाकडून आली आणि १९९७ला ख्रिस्ती प्रकाशकाकडून सुधारून पुन्हा. होशेयाला देव सांगतो की वेश्येशी लग्न कर. आमच्या रविवारच्या शाळेत बाई ते पान फार घाईने उलटायच्या.

आणि नाक मुरडण्याआधी आठव, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तू वर्गात जी शिकवलीस ती ‘यमुनापर्यटन’, १८५७ची, बाबा पदमनजींची. तीही बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाने, विधवांच्या हालांवर लिहिलेली. तिथेही गोष्ट आणि उपदेश एकाच गाडीला जुंपलेत, आणि कोण कुणाला ओढतंय ते दर पानावर बदलतं.

ग्रेसबाई २३ फेब्रुवारी १९४७ला गेली, एक्क्याऐंशी वर्षांची होऊन. ‘मेरी आर्डेन’ अर्धी राहिली होती. ती धाकट्या रूथने पुरी केली आणि पुढच्या वर्षी छापून आली. आईचं वाक्य कुठे संपलं आणि लेकीचं कुठे सुरू झालं ते शोधायची मला फार इच्छा आहे, पण प्रत मिळत नाहीये. तुझ्या भाचीला सांग, ती तिकडे आहे तर जुन्या पुस्तकांत बघेल का.

‘मार्सिया श्युलर’ रजिस्टरने पाठवतेय, लुट्झवालीच. बांधणी खिळखिळी झालीय, पाठ धरून उघड. आत एक वाळलं पान आहे, ते जिथे आहे तिथेच राहू दे. सोबत ‘उंबरा’ची हाताने उतरवलेली प्रत आहे, परिच्छेदासकट. तो आठवून लिहिताना चार ओळींच्या अकरा झाल्या. म्हातारी आता जास्त भांडते. बाकी कथेवर तुझं लाल पेन खुशाल चालव, त्या अकरा ओळींना तेवढा हात लावू नकोस.

गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर? ते लिही आधी.

तुझी,
विमल