पेशंटबरोबर आम्हालाही विचारा

संपादक साहेब, नमस्कार.

मानसिक आजारांवर हल्ली पेपरात बरंच छापून येतं, चांगलंच आहे, पण ते सगळं पेशंटबद्दल असतं, त्याच्यासोबत घरात राहणाऱ्यांचं काय चाललंय ते कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे कधी मॅनिया (अति उत्साह) तर कधी खोल उदासी येणारा आजार, सोळा वर्षं झाली. घरात आई, मी आणि तो. लोकांना वाटतं मूड बदलतो, एवढंच. मागच्या मॅनियात तो चार रात्री झोपला नाही, पहाटे तीनला स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढून कट्टा घासत बसला आणि सकाळी दुकान टाकायचं म्हणून कुठल्यातरी गाळ्याचा ॲडव्हान्स देऊन आला. महिन्याभरात तोच माणूस अंथरुणातून उठेना, आंघोळीला सुद्धा आईने हात धरून न्यायचं. ॲडव्हान्स गेला तो गेलाच.

तेव्हापासून आई हॉलमध्ये दाराला लागून गादी टाकून झोपते, किल्ल्या उशाखाली. म्हणजे झोपते असं म्हणायचं. या आजारावरची लिथियमची गोळी दिली का, रक्तातली लिथियमची लेव्हल कधी तपासायची, थायरॉइड आणि किडनीच्या टेस्ट कधी, सगळं तिच्या डोक्यात. उन्हाळ्यात जुलाब किंवा फार घाम झाला की लेव्हल वाढते म्हणून मे महिन्यात ती त्याच्या हातांकडे बघत असते, थरथरतायत का. डोकं दुखलं तरी पेनकिलर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे तो खुशीत गाणं म्हणायला लागला की आई आणि मी एकमेकींकडे बघतो. हा नुसता आनंद आहे की परत सुरू झालं? पोटच्या पोराच्या हसण्याची धडकी भरावी, हे आईने कुणाला सांगायचं? नातेवाईक म्हणतात लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल. राग येतो हो, दुसऱ्याच्या मुलीच्या आयुष्याचा काही विचार?

आमचे डॉक्टर चांगलेच आहेत, पण बाहेर रांग असते. त्याची झोप, भूक, गोळ्या सगळं विचारतात. मागच्या वेळी बाहेर आल्यावर आई बाकावर बसली आणि म्हणाली, "झोप तर मला पण येत नाही गं." तिला बीपी आहे, आणि ते वाढतंय.

कुटुंबाला आधार द्यायला हवा हे 2014 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य धोरणात लिहिलेलं आहे. 2022 पासून सरकारची टेली मानस हेल्पलाइन पण आहे, नंबर 14416, फुकट आहे, मराठीत बोलतात आणि घरच्यांनीही फोन करायला हरकत नाही. मी केला, रडले, बरं वाटलं. आईला नंबर लिहून दिलाय पण ती लावत नाही, म्हणते तो घरात असताना त्याच्याबद्दल कसं बोलू, ऐकलं तर त्याला काय वाटेल.

म्हणून सरकारी असो की खासगी, प्रत्येक मानसोपचार ओपीडीत घरच्यांसाठी एक वेगळी खोली आणि एक समुपदेशक हवा. भाऊ रक्त तपासायच्या रांगेत उभा असतो ना, तेवढ्या वेळात आईला आत बोलवा आणि दार लावून घ्या.

– एक बहीण, सातारा