ग्रीन कार्डचा अर्ज तिकडे, पण कागद अडतो इकडे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या ग्रीन कार्डबद्दल (म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याबद्दल) पेपरात येतं ते बहुतेक तिथल्या नव्या ऑर्डरबद्दल नाहीतर भारतीयांच्या लांबलेल्या रांगेबद्दल. रांगेचं खरंच आहे. नोकरीवरच्या ग्रीन कार्डांचा कोटा वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, एका देशाला त्यातले ७ टक्के, आणि देश धरतात तो जन्माचा, पासपोर्टचा नाही, म्हणजे उद्या कोणी कॅनडाचा नागरिक झाला तरी भारतात जन्मला म्हणून तो भारताच्याच रांगेत उभा (नवरा किंवा बायको दुसऱ्या देशात जन्मलेली असेल तर तेवढी सोय आहे). मला लिहायचंय ते या जन्माच्या कागदाबद्दल, कारण तो कागद वॉशिंग्टनमधे नाही बनत, आपल्या नगरपालिकेत आणि ग्रामपंचायतीत बनतो आणि तिथेच सगळं अडतं.

माझी मुलगी आणि जावई तिकडे आहेत, त्यामुळे इकडचे कागद गोळा करायचं काम आम्हा घरच्यांकडे आलं. हे काम करताना भेटलेल्या जवळपास प्रत्येक आईवडिलांची तीच कहाणी, म्हणून हे पत्र.

आधी हे समजून घ्या की घाई का होते. रांगेत नंबर जवळ आल्याशिवाय आय-४८५ नावाचा शेवटचा अर्ज भरताच येत नाही. नंबर म्हणजे रांगेत लागल्याची तारीख. कुठल्या तारखेपर्यंतच्या लोकांचा नंबर आला ते तिथलं सरकार दर महिन्याला काढतं त्या व्हिसा बुलेटिनमधे कळतं आणि ती तारीख सरळ पुढे जात नाही, कधी वर्षानुवर्षं हलत नाही, कधी एकदम उडी मारते आणि परत मागे येते. जुलै २००७ मधे बहुतेक सगळ्यांना अर्ज खुला झाला, मग बंद झाला, मग ओरड झाल्यावर १७ ऑगस्टपर्यंत पुन्हा खुला केला. ऑक्टोबर २०२० मधे ईबी-३ वाल्या, म्हणजे नोकरीवरच्या ग्रीन कार्डाच्या तिसऱ्या गटातल्या, भारतीयांची अर्ज भरायची तारीख एकदम जानेवारी २०१५ पर्यंत आली, हजारो लोक एकाच वेळी कागदांच्या मागे लागले, आणि इकडे कोविड चालू, ऑफिसात निम्मा स्टाफ. अशा वेळी ज्यांचा जन्मदाखला तयार होता त्यांनी अर्ज टाकला आणि बाकीचे फोनवर आईवडिलांना विचारत बसले की रेकॉर्ड सापडलं का. अर्ज नवराबायको दोघांचा वेगळा, मुलांचाही वेगळा, म्हणजे दाखलेही प्रत्येकाचे.

आता आपल्याकडची नोंद कशी असते ते बघा. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, पण ७०-८० च्या दशकात बाळंतपण घरी झालं तर कित्येकदा नोंदच झाली नाही. झाली तर बारशाच्या आधी झाली म्हणून नावाचा रकाना रिकामा, नुसतं मुलगा किंवा मुलगी. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे नोंद आजोळच्या गावाला आणि पासपोर्टवर जन्मगाव मात्र वडिलांचं, कारण पासपोर्ट काढताना शाळेच्या दाखल्यावरून लिहिलं. आईचं नाव तर विचारूच नका, लग्नात नाव बदललेलं, नोंद करणाऱ्या मामाने माहेरचं नाव सांगितलं, पासपोर्टवर सासरचं, आता ही दोन नावं एकाच बाईची हे तिकडच्या ऑफिसरला कसं कळणार? आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, कारण आपल्याकडे हे घरोघरी असंच आहे. पण तिथे फाईल बघणाऱ्याच्या समोर फक्त कागद असतो. पटला नाही तर जास्तीचा पुरावा मागणारी नोटीस येते, तिला उत्तर द्यायला जास्तीत जास्त १२ आठवडे मिळतात आणि मुदत वाढवून मिळत नाही.

अमेरिकेचा नियम तसा माणुसकीचा आहे हे मुद्दाम सांगते, कारण लोक उगाच घाबरतात आणि एजंट त्या घाबरण्याचेच पैसे घेतात. जन्मदाखला नसेल तर इथल्या ऑफिसचं लेखी द्या की नोंद उपलब्ध नाही, आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला वगैरे जुने कागद जोडा. तेही पुरेसे नसतील तर जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोन माणसांची प्रतिज्ञापत्रं चालतात. मराठी कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं आणि दोन्ही भाषा येणाऱ्या भाषांतरकाराने ते बरोबर असल्याचं सही करून लिहून द्यायचं, त्याला नोटरी लागते असं त्यांच्या नियमात कुठेही नाही.

पण यातला पहिलाच कागद आपल्याकडे मिळत नाही! खिडकीवरचा माणूस रजिस्टर चाळतो, नाही चाळतो, आणि तोंडी सांगतो "नोंद नाही". लेखी मागितलं की म्हणे तशी पद्धत नाही, साहेब आल्यावर या, अर्ज परत करा. पद्धत आहे, अनुपलब्धता प्रमाणपत्र म्हणतात त्याला. सगळेच असे नसतात, आम्हाला एका ठिकाणी एका तरुण ग्रामसेवकाने स्वतः जुनी वही शोधून काढून दिली, त्याचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण काम एखाद्याच्या चांगुलपणावर का अवलंबून असावं?

त्यात २०२५ मधे बोगस दाखल्यांची प्रकरणं निघाल्यावर आपल्या राज्यात वर्षाहून जुन्या जन्माची नवीन नोंद करायचे नियम कडक झाले. खोटे दाखले थांबलेच पाहिजेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण उशिरा केलेल्या नोंदीवर तिकडचे अधिकारी तसाही चटकन विश्वास ठेवत नाहीत, तेव्हा ज्याची नोंदच नाही त्याला नवीन दाखल्याच्या मागे पळवण्यापेक्षा "नोंद नाही" एवढं खरं लेखी मिळालं तरी त्याचं काम होतं. खरं लिहून द्यायला अडचण काय आहे?

सरकारकडे मागणी एवढीच की हे प्रमाणपत्र मराठी-इंग्रजी दोन्हीत आणि ठरलेल्या मुदतीत द्या, ज्या नोंदीत नावाचा रकाना रिकामा आहे तिथे मोठ्या वयाच्या लोकांचंही नाव घालायची सोय कायमची ठेवा, मधूनमधून मुदतवाढ देऊन नाही, आणि जुन्या वह्या वाळवीने खायच्या आत स्कॅन करा.

आणि ज्यांची मुलं तिकडे रांगेत आहेत त्यांना हात जोडून विनंती, नंबर यायची वाट बघू नका, दाखला आजच काढून तपासा. ती दोन प्रतिज्ञापत्रं जन्माच्या वेळी जाणत्या असलेल्या माणसांचीच लागतात, म्हणजे तुमची आत्या, मामा, थोरली काकू. ही माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत, त्यांना अजून सगळं आठवतंय, सहीही करता येतेय, तोवर त्यांच्याकडून लिहून घ्या.

आपली,
एक आई आणि नियमित वाचक