स्प्रिंग कापणं थांबवा, गाडी खाली बसवण्याचा रीतसर मार्ग द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मॉडिफाय केलेल्या गाड्यांवरील कारवाईच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. फोटोत बहुतेक वेळा रोडरोलरखाली चिरडलेले सायलेन्सर असतात. कर्कश आवाजाचा त्रास होतो हे खरंच आहे, ती कारवाई व्हायलाच हवी. पण मला जास्त काळजी वाटते ती कापलेल्या स्प्रिंगची. तिचा आवाज रस्त्यावर कुणाला ऐकू येत नाही. नाकाबंदीत गाडी थांबवली तरी चाकाच्या आत वाकून कुणी बघत नाही. मी कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात शॉकअप आणि सस्पेन्शनचं काम करतो. माझ्याकडे येणाऱ्या पोरांच्या गाड्यांखाली जे दिसतं, ते वाचकांपर्यंत पोचावं म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. गाडी खाली बसवण्याला माझा विरोध नाही. आपल्याकडच्या रस्त्यांमुळे कंपन्या बऱ्याच गाड्या इथे थोड्या उंच ठेवूनच विकतात. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये हाताचा पंजा सहज जाईल एवढी फट राहते. ती फट तरुण मुलांच्या डोळ्यांना खुपते, आणि खरं सांगायचं तर माझ्याही खुपते. गाडी थोडी खाली आली की वळणावर तिचा भार बाहेरच्या चाकांवर कमी ढकलला जातो, म्हणजे हा नुसता दिसण्याचा शौकही नाही. खाली बसलेली गाडी आदळणारच, असाही काही नियम नाही. फ्रान्सच्या सिट्रोएन कंपनीने 1955 साली डीएस नावाची गाडी आणली. तिला स्प्रिंगऐवजी नायट्रोजन भरलेले गोळे आणि तेलाचा दाब होता. उंची चालकाला कमी-जास्त करता यायची, आणि आरामात त्या काळातल्या भल्याभल्या गाड्या तिच्या मागे होत्या. उंची आणि आराम एकमेकांचे वैरी नाहीत. वैर आहे ते अर्धवट कामाशी.

हे अर्धवट काम कसं होतं ते सांगतो. पोराकडे पैसे कमी असतात. कुणीतरी सांगतं, कंपनीची स्प्रिंग काढ, ग्राइंडरने एक वेढा काप, परत बसव. काही शे रुपयांत काम होतं. याहून वाईट म्हणजे स्प्रिंग गाडीवरच ठेवून तिला गॅस मारतात, ती लाल झाली की गाडी आपोआप खाली बसते. स्प्रिंगचं पोलाद कारखान्यात पाणी देऊन ठरावीक कडकपणाला आणलेलं असतं. गॅसच्या ज्योतीने तो कडकपणा जातो आणि तो परत आणायची सोय कुठल्याही गॅरेजमध्ये नाही. अशी स्प्रिंग पुढे बसत जाते किंवा एखाद्या खड्ड्यात तुटते.

कापलेल्या स्प्रिंगचं गणित वेगळं. वेढे कमी झाले की स्प्रिंग ताठ होते. कामाचे पाच वेढे असतील आणि एक कापला, तर ती सव्वापट ताठ होते. दोन कापले तर दीडपटीच्याही पुढे जाते. एक वेढा कापून मनासारखी खाली आली नाही म्हणून दुसरा कापला जातो, असं मी फार पाहिलं आहे. शिवाय कंपनीने स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीत नीट बसेल असं वळवलेलं असतं. कापल्यावर ते टोकच जातं. गाडी जॅकवर उचलली किंवा चाक मोठ्या खड्ड्यात लटकलं की आखूड स्प्रिंग वाटीत सैल होते आणि खाली येताना तिरकी बसू शकते. आंबोली नाहीतर फोंडा घाटाच्या वळणावर असं झालं तर काय होईल, हे वाचकांनीच ताडावं.

आता आरामाचं बोलतो, कारण घरची माणसं तक्रार करतात ती याचीच. साधी मोटार आपल्या स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वरखाली होते. हा झोका माणसाला सोसतो. सेकंदाला दोनच्या पुढे गेलं की गाडी कडक वाटू लागते. आणि उभे हादरे सेकंदाला चार ते आठ या पट्ट्यात आले की पोट, पाठ आणि मान यांना ते सगळ्यात जास्त जाणवतात. कंपनीच्या गाडीत चाकाला वर जायला ढोबळ मानाने सात ते दहा सेंटिमीटर जागा असते, त्यानंतर बंप रबर, म्हणजे धक्का अडवणारा रबराचा ठोकळा, लागतं. गाडी पाच सेंटिमीटर खाली आणली म्हणजे त्यातली निम्मी जागा उभ्या उभ्याच संपली. मग पाच माणसं बसली की गाडी थेट बंप रबरवर टेकते. त्या क्षणापासून स्प्रिंग आणि शॉकअप दोन्ही कामातून गेले, सगळा भार टायरमधल्या हवेवर. टायर स्प्रिंगपेक्षा कितीतरी ताठ, म्हणून हादरे वर सांगितलेल्या नेमक्या नको त्या पट्ट्याकडे सरकतात. पोरगा पुढे सीटवर मजेत असतो, मागे बसलेल्यांची कंबर मोडते.

शिरोलीच्या एमआयडीसीत नोकरी करणारा एक मुलगा माझ्याकडे आला होता. पगारातून हप्ते भरून सेकंडहँड हॅचबॅक घेतली, चारही स्प्रिंग बाहेरून कापून घेतल्या, वर सतरा इंची अलॉय बसवले. दर चैत्रात आजीला जोतिबाला न्यायचा. त्या वर्षी आजी गाडीत बसायलाच तयार होईना, मी एस.टी.ने जाते म्हणाली. त्याला गाडी वर घ्यायची नव्हती आणि आजीलाही न्यायचं होतं. गाडी खाली आणि आराम कायम, हे दोन्ही जमेल का, एवढंच त्याने विचारलं. जमतं. कसं ते सांगतो, म्हणजे इतरांनाही कळेल.

पहिली गोष्ट, किती खाली आणायची. रोजच्या वापराच्या गाडीला 25 ते 30 मिलिमीटर पुष्कळ झाले. डोळ्याला फरक दिसतो आणि चाकाला जागा उरते. त्या मुलाला माझ्याकडून पन्नास हवे होते, मी तीसच दिले.

दुसरी, स्प्रिंग त्याच गाडीसाठी, त्याच इंजिनासाठी बनवलेली हवी. डिझेलचं इंजिन पेट्रोलपेक्षा जड असतं, त्यामुळे एकाची पुढची स्प्रिंग दुसऱ्याला चालत नाही. चांगल्या स्प्रिंगमध्ये काही वेढे जवळजवळ आणि काही लांब असतात. छोट्या खड्ड्यात ती मऊ राहते, दबत गेली की ताठ होत जाते आणि बंप रबरपर्यंत पोचू देत नाही. मूळ स्प्रिंगपेक्षा ती वीस-पंचवीस टक्के ताठ असणारच, कारण कमी जागेत तेवढाच धक्का पचवायचा आहे. पण हा ताठपणा आजीला जाणवत नाही, कारण गाडी बंप रबरवर टेकत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे शॉकअप, आणि इथेच बहुतेक जण पैसे वाचवतात. स्प्रिंग धक्का झेलते, शॉकअप तो जिरवतो. ताठ स्प्रिंग परत येताना जोरात फेकते, तिला आवरायला शॉकअपची परतीची पकडही तेवढी हवी. मूळ शॉकअप जुना, तेल गळालेला असेल तर गाडी रस्त्यावर उड्या मारते आणि ओल्या डांबरावर चाकाची पकड सुटते. म्हणून शॉकअप नवा, शक्यतो आखूड अंगाचा, म्हणजे त्याचा दांडा मधोमध काम करेल. बरोबर बंप रबरही आखूड आणि मऊ घ्यायचं. नुसतं काढून टाकायचं नाही, कारण मग लोखंड लोखंडावर आदळतं आणि वरचं माउंटिंग फाटतं.

चौथी, टायर. त्या मुलाचे सतरा इंची अलॉय मी उतरवले. 185/65 आर15 या टायरच्या भिंतीची उंची 120 मिलिमीटर असते, 205/45 आर17 ची 92. ती तीनएक सेंटिमीटर भिंत म्हणजे आरामाचा मोठा वाटा, शिवाय खड्ड्यात रिम वाकण्यापासून संरक्षण. गाडी खाली करायची आणि टायरही चपटा करायचा, हे दोन्ही एकाच वेळी आपल्या रस्त्यावर परवडत नाही.

मग लोअर आर्मचे बुश, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या सांध्यातली रबरं. हे बुश जुन्या उंचीवर घट्ट केलेले असतात. गाडी खाली आल्यावर ते सैल करून, गाडी चाकांवर उभी असताना पुन्हा आवळावे लागतात. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शेवटी व्हील अलाइनमेंट, आणि नव्या स्प्रिंग बसल्यावर काही दिवसांनी पुन्हा एकदा. हेडलाइटची पातळीही तपासायची. ही शेवटची कामं दिसत नाहीत म्हणून कुणी करत नाही.

आपल्या छोट्या गाड्यांना पुढे बहुतेक मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात, 1983 च्या मारुती 800 पासून. त्यात एक खोच आहे. गाडी 30 मिलिमीटर खाली येते, पण वळणावर ती ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू त्याहून जास्त खाली जातो. म्हणून अति खाली आणलेली गाडी, स्प्रिंग ताठ नसेल तर, वळणावर उलट जास्त झुकते. स्टेअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांडीचा, म्हणजे टाय रॉडचा, कोन बिघडतो आणि खड्ड्यात स्टेअरिंग आपोआप हलतं. काही जुन्या गाड्यांत आणि व्हॅनमध्ये मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार ठरवणारा व्हॉल्व्ह अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. गाडी खाली केली की त्याला वाटतं, मागे सामान भरलंय. तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो, आणि जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी अडकून गाडी फिरते. ज्याने स्प्रिंग कापून दिली त्याला हे ठाऊक असतं का?

त्या मुलाची आजी पुढच्या चैत्रात त्याच गाडीतून जोतिबाला गेली. गाडी तीस मिलिमीटर खालीच आहे.

इथपर्यंत कामाचं झालं. आता ज्यासाठी मुद्दाम लिहायला बसलो ते. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच अर्थाचा निकाल दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. कायदा असायलाच हवा. पण आज व्यवहारात कापलेली स्प्रिंग आणि तपासून, मापून बसवलेली स्प्रिंग एकाच मापाने मोजली जाते. दोन्ही लपवूनच करायच्या असतील, तर पोरगा स्वस्तातली करणार.

याच कायद्यात सीएनजी किटला रस्ता आहे. किटला आधी मान्यता, मग बसवणं, मग आर.सी.वर नोंद. गॅसची टाकी डिकीत ठेवण्यासारखं जोखमीचं काम आपण असं नियमात आणलं. जर्मनीत स्प्रिंगच्या संचाबरोबर तपासणीचा अहवाल येतो. बसवल्यावर अधिकृत तपासनीस गाडी बघतो आणि कागदावर नोंद होते. आपल्याकडे पुण्यात 1966 पासून एआरएआय ही वाहन तपासणी आणि संशोधन संस्था आहे, देशभरातल्या गाड्या तिथे तपासल्या जातात. तीस मिलिमीटरपर्यंतचा स्प्रिंग आणि शॉकअपचा संच तिथे तपासून मान्य करावा, आर.टी.ओ.ने नोंद करून द्यावी, आणि कापलेल्या किंवा गॅस मारलेल्या स्प्रिंगवर मात्र कसलीही दया न दाखवता गाडी बंद करावी. परिवहन खात्याने केंद्राकडे हा विषय मांडावा, ही माझी विनंती आहे. माझ्यासारख्या मेकॅनिकांनाही त्यात प्रशिक्षण आणि परवाना हवा. काम चुकलं तर परवाना जावा.

आणि जाता जाता गतिरोधकांबद्दल. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या 99 क्रमांकाच्या, 1988 च्या मानकात गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच सांगितला होता, ताशी 25 किलोमीटरने ओलांडण्यासाठी. मी हिशेब केला. पुढच्या-मागच्या चाकांत 2450 मिलिमीटर अंतर असलेली हॅचबॅक त्यावर मधोमध आली तर चाकं जिथे टेकतात त्या रेषेच्या वर गतिरोधक साडेचार सेंटिमीटरही येत नाही. तीस मिलिमीटर खाली बसवलेली गाडी तो आरामात ओलांडते. आमच्या गल्लीबोळांत उरलेल्या डांबराचे जे उंचवटे घातले जातात ते अर्धा मीटरही रुंद नसतात, त्यामुळे त्यांची सगळी उंची गाडीच्या पोटाखाली येते. त्यावर कंपनीच्या उंचीची, पाच माणसं भरलेली गाडीही चेंबर, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, घासते. गरोदर बाईला रिक्षातून दवाखान्यात नेणाऱ्याला विचारा. महापालिकेने आणि ग्रामपंचायतींनी टेप घेऊन हे मोजावेत.

ज्यांनी स्प्रिंग आधीच कापून घेतल्या आहेत त्यांना एवढंच सांगतो: घाटात जायच्या आधी गाडी जॅकवर घ्या, चाक लटकू द्या आणि स्प्रिंग हाताने फिरवून बघा. ती सैल फिरली तर गाडी तिथेच ठेवा. कंपनीच्या मूळ स्प्रिंग बाजारात मिळतात. बदलताना दोन्ही बाजूंच्या जोडीनेच बदला, बंप रबर नवीन घ्या आणि जुनी कापलेली स्प्रिंग दुसऱ्या कुणाला विकू नका.

आपला,
एक शॉकअप मेकॅनिक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर