पत्रा उतरवण्याआधी तो घासून तर पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाचगणी, महाबळेश्वर, माथेरान इथल्या जुन्या बंगल्यांवरचे पन्हळी पत्रे भराभर उतरत आहेत. त्यांच्या जागी कारखान्यातूनच निळे किंवा भडक लाल रंगून आलेले पातळ पत्रे चढतात. "गंजलाय, आता रंगवून उपयोग नाही," एवढे कारण पुरते. त्यातल्या कित्येक पत्र्यांचा नुसता रंग गेलेला असतो आणि खालचा पत्रा ठणठणीत असतो. ते तपासायची तसदी मात्र फारशी कोणी घेत नाही.

तपासणे अवघड नाही. भर उन्हात माळ्यावर चढावे, खिडक्या लावून घ्याव्यात आणि वर पाहावे. पत्र्याला भोक असेल तर उजेडाचा ठिपका दिसतोच. मग गंजलेल्या जागी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने टोचून पाहावे. टोक आरपार गेले तर तेवढा पत्रा बदलावा, शेजारच्या दहांना हात लावू नये. जुना पत्रा पुष्कळदा २२ किंवा २४ गेजचा, चांगला जाड असतो. आज बाजारात मिळणारा रंगीत पत्रा बहुतेक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा. जाड माल भंगारात घालून पातळ माल विकत घेणे, याला मी दुरुस्ती म्हणणार नाही.

पत्र्याचे छप्पर म्हणजे काटकसर, त्यात कसला वारसा, असेही ऐकू येते. ते मला मान्य नाही. लोखंडी पत्र्याला पन्हळी पाडण्याचे पेटंट लंडनमध्ये १८२९ साली हेन्री पामर यांनी घेतले आणि लोखंडावर जस्त चढवण्याचे १८३७ साली फ्रान्समध्ये सोरेल यांनी. जॉन चेसन यांनी पाचगणी वसवायला घेतली तेव्हा ही विद्या नवी होती. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथे जांभ्याच्या भिंती आणि लाकडी वासे टिकवायचे तर हलके, उतरते, सांधे कमी असलेले छप्पर हवे होते. पत्र्याने ते दिले. त्या घरांचा उतार, वळचण, गेरूसारखा तांबूस रंग हे सारे त्या पत्र्यासाठीच योजलेले आहे.

आता रंगाविषयी. त्यासाठी आधी लोखंडावर काय चढवले आहे ते कळायला हवे. अमेरिकेत जुन्या इमारतींवर कथलाचा, म्हणजे आपण भांड्यांना कल्हई करतो त्या धातूचा, मुलामा दिलेले पत्रे असत. तिथले तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी मॉन्टिसेलो इथल्या आपल्या घरासाठी तेच निवडले. कथील लोखंडाला नुसते झाकते. त्यावर ओरखडा उठला की उघडे पडलेले लोखंड उलट जास्तच वेगाने गंजते. म्हणून तिथे जवसाच्या तेलात लाल लोह-ऑक्साइड कालवून छप्पर पुन्हा पुन्हा रंगवायची रीत पडली. आपल्याकडच्या बंगल्यांवर बहुतेक जस्ताचा मुलामा असतो. ओरखडा पडला तरी जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. पण ते संपत जाते. रंगाचे काम हे झिजणे लांबवण्याचे आहे, गंज झाकण्याचे नाही.

कथलाची रीत जस्ताला जशीच्या तशी लावून चालत नाही. नव्या जस्ती पत्र्यावर थेट तेलरंग लावला तर तेल आणि जस्त मिळून साबणासारखा थर तयार होतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत रंग पापुद्र्यांनी सुटतो. तिथे जस्तासाठीचाच प्रायमर लागतो. जिथे जस्त झिजून लोखंड उघडे पडले आहे, तिथे तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने गंज काढून रेड ऑक्साइड प्रायमरचा हात द्यावा. तो प्रायमर तसाच उघडा ठेवून पावसाळ्याला सामोरे जाऊ नये. तो पाणी अडवण्यासाठी नाही, वरच्या रंगाला धरून ठेवण्यासाठी आहे. त्यावर रंगाचे दोन हात, आणि तेही ब्रशने. एकावर एक आलेल्या कडा आणि पत्रा धरून ठेवणाऱ्या जे-हुकांच्या भोवतालची जागा स्प्रेने नीट भरत नाही. गंज नेमका तिथूनच सुरू होतो, कारण दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत पाणी आपोआप ओढले जाते.

वेळेचेही तसेच. आमच्याकडे सकाळी पत्र्यावर दव असते. ते पूर्ण वाळल्याशिवाय ब्रश लावू नये. दुपारी पत्रा तापला की रंगावर वरच्या वर साय धरते आणि आत तो कच्चा राहतो. हाताशी येतात ते सकाळचे मधले काही तास. म्हणून हे काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत निवांतपणे व्हायला हवे. प्रत्यक्षात ते मेच्या शेवटच्या आठवड्यात, ढग दाटून आल्यावर उरकले जाते. एका सार्वजनिक इमारतीचे असे काम मी पाहिले. सिल्व्हर ओकचा कुजलेला पाला पन्हळींत तसाच होता आणि त्याच्यावरून रंग फिरवलेला होता.

दोन गोष्टी तर टाळायलाच हव्यात. गळती थांबवायला पत्र्यावर डांबर फासणे ही पहिली. उन्हाने ते तडकते, तड्यांतून शिरलेले पाणी खाली अडकून पत्रा आतून कुजतो आणि पुढे त्यावर कोणताच रंग धरत नाही. दुसरी गोष्ट माणसांच्या जिवाची. जुन्या रंगांत शिसे असण्याची दाट शक्यता असते. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाला दशलक्षात ९० भागांची मर्यादा घालणारे नियम २०१६ चे आहेत, त्याआधीचे थर कसलेही असू शकतात. ते कोरडे घासले किंवा ब्लो लॅम्पने जाळले तर ती धूळ, तो धूर रंगाऱ्याच्या छातीत जातो. पत्रा ओला करून खरवडावा, खाली ताडपत्री पसरावी, पडलेले पापुद्रे बागेत न टाकता गोळा करावेत आणि कामगाराला चांगला मास्क द्यावा. त्याचा खर्च मालकाने उचलावा. तोंडाला रुमाल बांधून पोरे उतारावर बसलेली दिसतात, तेव्हा फार वाईट वाटते.

महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून आणि माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. त्या अधिसूचनांत झाडे आणि डोंगरांबरोबर मानवनिर्मित वारशाचाही विचार आहे. तेव्हा नगरपालिकांनी आणि सार्वजनिक इमारती सांभाळणाऱ्या खात्यांनी निविदेत 'छप्पर रंगविणे' अशी एकच ओळ घालू नये. साफसफाई, गंज काढणे, प्रायमर आणि रंगाचा प्रत्येक हात यांचे दर वेगळे मागवावेत. घासकाम अभियंत्याने वर चढून पाहिल्याशिवाय प्रायमरचा डबा उघडू देऊ नये. काम फेब्रुवारीअखेर संपवण्याची अट असावी. पूर्ण पत्रा बदलायचा असेल तर किती पत्रे खरोखर आरपार गेले आहेत, याची छायाचित्रांसह नोंद आधी मागवावी. खासगी बंगल्यांच्या मालकांनाही परवानगी देताना हीच नोंद मागता येईल.

आपला,
एक वाचक, पाचगणी